संध्याकाळचा खड्डा

त्या आठवड्यात सेन्सरवाल्यांनी ‘नमस्कार’ हा शब्द इतक्या वेळा उच्चारला की समोरून खराखुरा माणूस आला तरी त्यांना तोंड उघडायचा कंटाळा येऊ लागला. नमस्कार म्हणायचं, मग दोन श्वास थांबायचं, मग ‘या व्हिडिओत आपण पाहणार आहोत, आपल्या शहराचा पर्यावरण नकाशा कसा वापरावा’ हे वाक्य एका दमात म्हणायचं, आणि मग पडद्यावरचा बाण डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषांवर न्यायचा. सांगायला सोपं आहे. सेन्सरवाल्यांनाही ते सोपंच वाटलं होतं आणि तिथेच सगळं फसलं.

दोष कुणाला तरी द्यायचाच म्हटला तर संचालकबाईंना द्यावा लागेल, पण त्या वरिष्ठ असल्यामुळे तसं करता येत नाही. पालिकेच्या पर्यावरण शाखेत सेन्सरवाले (माणूस एकच, पण कचेरीत सगळे त्यांना असंच म्हणत) गेली काही वर्षं एकच काम जीव ओतून करत होते. शहरभर खांबांवर, शाळांच्या भिंतींवर, पाण्याच्या टाक्यांवर त्यांनी पांढऱ्या डब्या बसवल्या होत्या. प्रत्येक डबीत हवेतली धूळ, उष्णता आणि आवाज मोजणारे सेन्सर होते आणि त्यांचे आकडे एका नकाशावर ठिपक्यांच्या रूपात दिसत. सगळं ठीक असेल तर ठिपका हिरवा, बिघडत चाललं की पिवळा, हाताबाहेर गेलं की लाल. ठिपका उघडला की त्या जागेचा महिनोन्‌महिन्यांचा आलेख समोर येई. डबीत कुणाचं बोलणं साठत नसे. आवाज किती चढला आणि किती उतरला, एवढंच. असा नकाशा दुसऱ्या कुठल्या शहरात नसेल, असं निदान एक माणूस मनापासून मानत होता. रोज नकाशा उघडणाराही तोच एक माणूस होता.

"दुसरं कोणी उघडतच नाही," संचालकबाई म्हणाल्या. "लोकांना कळत नाही. समितीलाही कळत नाही. आणि आता समिती ठरवणार आहे, डब्या ठेवायच्या की उतरवून गोदामात टाकायच्या. तुम्ही एक व्हिडिओ करा. पडदा दिसला पाहिजे, तुमचा आवाज ऐकू आला पाहिजे आणि बघणाऱ्याला झोप लागायच्या आत संपला पाहिजे."

"मी? व्हिडिओ?"

"तुमचा चेहरा दिसणार नाही," बाई म्हणाल्या. हे आपल्याला धीर द्यायला म्हणाल्या की समितीच्या सोयीसाठी, याचा विचार करत सेन्सरवाले जागेवर येऊन बसले.

पहिला प्रयत्न त्यांनी कचेरीतच केला. पडदा टिपणारं सॉफ्टवेअर सुरू केलं, माइकचा हेडफोन कानाला लावला आणि म्हणाले, "नमस्कार." खिडकीपाशी बराच वेळ ताटकळत उभे असलेले एक गृहस्थ लगबगीने पुढे आले. "नमस्कार साहेब. माझ्या नळजोडणीचं काय झालं?" नळजोडणी या शाखेत येत नाही, हे त्यांना पटवण्यात दुपार गेली. मग प्रिंटरने घसा साफ करायला सुरुवात केली. मग पलीकडच्या टेबलावरच्या बाईंची खुर्ची कुरकुरली, आणि ‘जरा हलू नका’ असं सांगितल्यावर बाईच कुरकुरू लागल्या. शांतता कुठे असते याचा सगळ्या शहराचा नकाशा ज्या माणसाजवळ होता, त्याला बसायला एक शांत जागा सापडेना. शेवटी कचेरीचा लॅपटॉप बगलेत मारून ते घरी आले.

घर हे शांत ठिकाण आहे याबद्दल सेन्सरवाल्यांच्या मनात शंका नव्हती. संध्याकाळी ते बूट काढून आत येत तेव्हा बायको स्वयंपाकघरात काहीतरी करत असे, कॉलेजात जाणारी लेक पुस्तकात डोकं घालून बसलेली असे आणि वडील खिडकीपाशी वर्तमानपत्राची घडी घालत असत. किती समंजस माणसं, असं त्यांना रोज वाटे. शिवाय एक डबी त्यांच्याच बाल्कनीत होती. तिथे ती हौसेने बसवलेली नव्हती. त्या भागातल्या एकाही इमारतीने डबी लावू दिली नव्हती. कुणाला तो कॅमेरा वाटला, कुणाला त्यातून किरण येतील अशी भीती वाटली, आणि एका आजींनी तर ‘आधी तुमच्या घरी लावा’ असं स्पष्टच सांगितलं. म्हणून मग आधी त्यांच्या घरी. ती लावली त्या दिवशी ते गमतीने, म्हणजे त्यांच्या मते गमतीने, घरच्यांना म्हणाले होते, "शहराच्या नकाशावर माझ्याच घराचा ठिपका लाल दिसला तर मी कुणाला तोंड दाखवू?"

व्हिडिओसाठी त्यांनी हीच डबी निवडली, कारण तिचे आकडे कधी चुकत नसत. बाकीच्यांचं काय सांगावं. एकीत कोळ्याने संसार थाटला होता, एकीला भिंत रंगवणाऱ्याने भिंतीबरोबरच रंगवून टाकलं होतं आणि टाकीवरच्या डबीच्या दांडीला कोणीतरी रोज टॉवेल वाळत घालत असल्यामुळे तिथे नकाशावर बारमाही थंडी होती.

घरी पहिला पूर्ण व्हिडिओ झाला. घरच्यांनी मिठाची गुळणी धरली होती. वडिलांनी शिंक आली तेव्हा उशीत तोंड खुपसलं. सेन्सरवाले कुठे अडखळले नाहीत, बाण कुठे भरकटला नाही आणि ‘धन्यवाद’ म्हणताना तर त्यांचा आवाज चक्क भरून आला. सगळ्यांना बोलावून त्यांनी तो लावला. बाण फिरत होता, ठिपके उघडत होते, आलेख सरकत होते. आवाज मात्र नव्हता, कारण माइक बंद होता.

"बाबा, छान आहे," लेक म्हणाली. "शांत आहे."

दुसऱ्या खेपेला माइक चालू होता. अर्ध्या वाटेवर पडद्याच्या कोपऱ्यात एक निरोप उगवला. बायकोने माहेरच्या गटावर लिहिलं होतं, ‘ह्यांचं रेकॉर्डिंग चालू आहे. नंतर बोलू.’ खाली तिच्या भावाने विचारलं होतं, ‘नंतर म्हणजे ते कचेरीत गेल्यावर का?’ आणि पुढे हसणारे तीन चेहरे. हे सगळं शहराच्या नकाशावर, नेमकं औद्योगिक वसाहतीच्या डोक्यावर, स्वच्छ दिसत होतं. सेन्सरवाल्यांनी निरोप बंद करायचं बटण शोधलं आणि मेहुण्याच्या चौकशीकडे दुर्लक्ष केलं. मेहुणा हा मूळचाच अघळपघळ माणूस होता.

तिसऱ्या खेपेला दाराची घंटा वाजली. शेजारच्या घरात निवृत्त मुख्याध्यापक राहत. भिंत पातळ असल्यामुळे त्यांनी आतापर्यंतच्या सगळ्या खेपा ऐकल्या होत्या आणि आता त्यांना राहवेना.

"तुम्ही ‘क्लिक करा’ म्हणता, ते कानाला टोचतं. ‘टिचकी मारा’ म्हणा," ते उंबऱ्यातूनच म्हणाले. "आणि नमस्कारानंतर थांबत जा. दोन श्वास. समोरच्याला उलट नमस्कार करायला वेळ द्यावा लागतो."

"समोर कोणी नसतं हो."

"म्हणून काय झालं? मी हयातभर वर्गात बोललो. कोणी ऐकतंय असं समजूनच बोलावं लागतं."

सेन्सरवाले टिचकीवर आले. चौथ्या खेपेला नकाशा उघडेचना, नुसतं चक्र फिरत राहिलं. त्या चक्राकडे पाहत ते ‘आता लगेच आपल्याला दिसेल’ असं अधूनमधून म्हणत राहिले, शेवटी त्यांचा स्वतःचाच विश्वास उडाला. पाचव्याला वडील विसरले आणि मोठ्याने विचारते झाले, "झालं का याचं?" सहाव्याला काही झालं नाही, फक्त सॉफ्टवेअरने सगळं टिपून झाल्यावर ‘जपून ठेवायचं का?’ असं विचारलं आणि सेन्सरवाल्यांनी थकव्याने भलत्याच बटणावर टिचकी मारली. एव्हाना जिन्यातून जाणारी मुलंसुद्धा ‘डाव्या कोपऱ्यातल्या तीन आडव्या रेषा’ म्हणत खाली उतरत होती.

अखेर एक व्हिडिओ धड झाला. त्यात सेन्सरवाल्यांनी आपल्या घराचा ठिपका उघडला, महिनाभराचा आलेख दाखवला आणि रोज संध्याकाळी आलेख एकदम खाली येतो तिथे बाण थांबवून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितलं, "इथे पाहा. दिवसभराचा आवाज संध्याकाळी कसा झटकन कमी होतो. नागरिकांनी मनावर घेतलं तर हे घडू शकतं." ते वाक्य त्यांना फार आवडलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

पण पालिकेत व्हिडिओ तयार झाला म्हणजे झाला असं नसतं. त्यातल्या आकड्यांवर तांत्रिक शाखेची सही लागते. तिथला तपासनीस कधी हसत नसे, रागावतही नसे; तो नुसता बघे आणि त्याने बघितलं की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलं असणार असं वाटू लागे. त्याने व्हिडिओ पाहिला, थांबवला, मागे नेला, पुन्हा पाहिला.

"हा खड्डा कसला?"

"खड्डा नाही. शांतता आहे ती. नागरिकांनी..."

"कोपऱ्यावरच्या चौकात तुमचीच दुसरी डबी आहे. तिथे त्याच वेळी आवाज चढतो. संध्याकाळची रहदारी. मग तुमच्या इथे कसा उतरतो? आणि उतरतो म्हणजे हळूहळू नाही, कापल्यासारखा. रोज. खरी जागा असं वागत नाही. सेन्सर सदोष आहे."

"माझा सेन्सर?"

"सगळे एकाच वेळी घेतलेत ना? मग एक सदोष म्हणजे सगळेच संशयास्पद. मला तसं लिहावं लागेल." त्याने बाण पुन्हा खड्ड्यावर नेला. "किंवा खड्ड्याचं खरं कारण द्या. व्हिडिओतच द्या, तुमच्या आवाजात. समितीही हेच विचारणार."

उन्हातान्हात शिड्या चढून बसवलेल्या डब्या, कुत्री मागे लागली तरी न सोडलेले खांब, सगळं एका खड्ड्यात जाणार होतं. ते जागेवर आले आणि ज्या आलेखाबद्दल त्यांनी इतरांना इतकं सांगितलं होतं, तो त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहायला घेतला.

दुपारपर्यंत आलेख सपाट. लेक कॉलेजातून यायच्या वेळेला तो चढू लागे. मग उंच टेकाड, मधूनच एकदम सुळका, पुन्हा टेकाड. आणि ऐन भरात असताना कडेलोट. त्यांना आधी पाण्याचा पंप आठवला, पण पंप सकाळी चालतो. मग लिफ्ट आठवली, पण ती कायमच बंद असते. मग ते मागे मागे जात राहिले. मध्ये एक आठवडा असा होता की खड्डाच नव्हता. टेकाड रमतगमत जेवणाच्या वेळेपर्यंत चाललं होतं. तो आठवडा ते प्रशिक्षणासाठी परगावी होते. सेन्सरवाल्यांनी चष्मा पुसला. एके दिवशी खड्डा दुपार कलतानाच पडलेला होता. त्या दिवशी अंगात कणकण होती म्हणून ते लवकर घरी आले होते. आणि एका संध्याकाळी खड्डा पडून, थोड्या वेळाने टेकाड पुन्हा वर येऊन, परत खड्डा होता. डोक्याला ताण देऊन त्यांनी आठवलं. त्या दिवशी ते घरी येऊन, विसरलेली छत्री आणायला परत कचेरीत गेले होते.

सेन्सर सदोष नव्हता. सेन्सर अगदी बरोबर होता, आणि इतका बरोबर सेन्सर आपण कशाला बसवला असं त्यांना वाटून गेलं.

तरीही माणूस शेवटपर्यंत आशा सोडत नाही. घरी जाताना जिन्यात मुख्याध्यापक भेटले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं, "संध्याकाळच्या आधी आपल्या मजल्यावर कसला हो आवाज असतो?"

"तुमच्याच घरातला."

"कसला?"

"हसण्याचा," मुख्याध्यापक म्हणाले. "तुमची मुलगी नकला करते. माझीही करते, मी ऐकली आहे. चांगली करते. आणि तुमच्या मिसेसचं हसणं म्हणजे काय, मी माझा रेडिओ बंद करून ठेवतो." मग सेन्सरवाल्यांचा चेहरा पाहून ते घाईने म्हणाले, "तक्रार नाही हं."

बायकोचं हसणं. सेन्सरवाल्यांनी ते आठवायचा प्रयत्न केला. लग्न ठरलं तेव्हा नातेवाइकांनी ‘मुलगी सगळ्या बाबतीत चांगली आहे, फक्त मोठ्याने हसते’ असं कळवलं होतं आणि त्यांना त्या एका गोष्टीसाठीच ती पसंत पडली होती. ते हसणं अलीकडे कधी ऐकलं, हे काही केल्या आठवेना. डबीला मात्र ते रोज ऐकू येत होतं.

घरात सगळं नेहमीसारखं समंजस होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"मी आलो की तुम्ही गप्प होता?"

बायको हातातलं काम न थांबवता म्हणाली, "तुम्ही दमून येता."

"मी कधी गप्प बसा म्हणालो?"

"म्हणावं लागत नाही आता. पहिल्यांदा म्हणाला होतात. ती डबी लावली तेव्हा. ठिपका लाल दिसेल म्हणून."

"अगं, ते गमतीने."

"असेल," ती म्हणाली. "पण तुम्ही आल्या आल्या फोनवर ठिपका बघता. बूटसुद्धा काढायच्या आधी. मग जिन्यात तुमची पावलं वाजली की आम्ही आवरतं घेतो. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो. शेवटी तुमच्या कामाचा प्रश्न."

तिच्या बोलण्यात राग असता तर सेन्सरवाल्यांना काहीतरी उलट बोलता आलं असतं. राग नव्हता. ते खुर्चीत बसले आणि त्यांना खूप एकटं वाटलं.

मग सगळ्या घराने बसून विचार केला, आणि मुख्याध्यापक न बोलावता आले. कारण तर द्यायला हवं होतं. "पंपाचं नाव घाला," मुख्याध्यापक म्हणाले. "पंप कुणाला उलट विचारायला येत नाही." लेक म्हणाली की सरळ दुसऱ्या डबीचा व्हिडिओ करावा. पण दुसरी कुठली? कोळ्याची की टॉवेलाची? वडिलांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते म्हणाले, "तू एवढ्या शिड्या चढलास त्या खरा आकडा मिळावा म्हणूनच ना? मग आता तो मिळालाय तर काय करतोस?"

"अण्णा, समितीपुढे माझी लाज निघेल."

"चेहरा दिसत नाही म्हणालास ना?"

सेन्सरवाल्यांना वाटलं होतं, अशी गोष्ट माणसाला आयुष्यात एकदाच कबूल करावी लागेल आणि ती एकदा तोंडातून बाहेर पडली की सुटलो. ते लॅपटॉपसमोर बसले, बाण खड्ड्यापाशी आणला आणि जड आवाजात बोलले, "या आलेखात रोज संध्याकाळी आवाज अचानक खाली येतो. हा सेन्सरचा दोष नाही. त्या वेळी त्या घरातला कर्ता पुरुष कामावरून परत येतो आणि घर गप्प होतं. तो ज्या दिवशी येत नाही, त्या दिवशी घर गप्प होत नाही. यावरून सेन्सर बरोबर आहे, हे सिद्ध होतं." बोलून झालं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आत स्वयंपाकघरात कोणीतरी नाक ओढलं. भिंतीपलीकडेही कोणीतरी खाकरलं.

माइक बंद होता.

दुसऱ्यांदा त्यांनी तेच सगळं पुन्हा कबूल केलं. ऐन ‘कर्ता पुरुष’ म्हणताना पडद्यावर लॅपटॉपची बॅटरी संपत आल्याची सूचना आली. तिसऱ्यांदा कबूल केलं तेव्हा बाण भलत्याच तारखेवर होता आणि त्या तारखेला खड्डा नव्हता. चौथ्यांदा मुख्याध्यापकांनी भिंतीवर टकटक करून सुचवलं की ‘गप्प होतं’च्या आधी थोडं थांबावं, परिणाम साधतो. पाचव्यांदा सेन्सरवाल्यांच्या आवाजात ना जडपणा राहिला होता ना पाणी. रेल्वे स्थानकावर गाडीची घोषणा करावी तसं ते आपलं दुःख सांगत होते. ‘गप्प होतं’च्या आधी ते थांबले आणि खरंच परिणाम साधला.

समितीने व्हिडिओ पाहिला. सेन्सरवाले मागच्या भिंतीला टेकून उभे होते आणि छताकडे बघत होते. नमस्कार झाला, तीन आडव्या रेषा झाल्या, ठिपके झाले. समितीतले लोक नेहमीप्रमाणे फोनमध्ये बघत होते. मग खड्डा आला, आणि एकेक मान वर झाली. ‘घर गप्प होतं’ या शब्दांनंतर सभागृहही गप्प झालं. एवढी शांतता त्या खोलीत कुठल्याही डबीने कधी टिपली नसती.

"हे गृहस्थ कोण?" अध्यक्षांनी हळूच विचारलं.

"आमच्याकडचेच आहेत," संचालकबाई म्हणाल्या.

अध्यक्ष थोडा वेळ आलेखाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "कळलं. पहिल्यांदाच कळलं हे काय आहे ते." तपासनिसाने सही केली. डब्या राहणार, वाढवायच्यासुद्धा, असं ठरलं. नव्या डब्यांसाठी जागा हव्या होत्या, म्हणून बाईंनी विचारलं की समितीतल्या सदस्यांपैकी कुणी आपल्या घराच्या बाल्कनीत लावून घ्यायला तयार आहे का. कुणीच तयार नव्हतं. ज्यांच्या बाल्कन्या प्रशस्त होत्या, तेही नव्हते.

बाहेर पडल्यावर बाई सेन्सरवाल्यांना म्हणाल्या, "छान झालं. आता असेच धुळीचे आणि उष्णतेचेही व्हिडिओ करून टाका." सेन्सरवाल्यांनी मान हलवली. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं.

त्या दिवशी ते जरा लवकर निघाले. खिशातला फोन त्यांनी खिशातच ठेवला. जिना चढताना कशी कोण जाणे, पावलं आपोआप हलकी पडत होती, आणि शेवटच्या वळणावर त्यांनी बूट काढून हातात घेतले. असं आपण का करतोय हे त्यांना सांगता आलं नसतं. दाराशी आले तेव्हा आतून लेकीचा आवाज येत होता. आवाज तिचा होता, पण बोलणं त्यांचं होतं.

"या आलेखात," ती जड आवाजात म्हणत होती, "रोज संध्याकाळी आवाज अचानक खाली येतो. हसायची घाई नको आजोबा, दोन श्वास थांबा. त्या वेळी त्या घरातला कर्ता पुरुष..."

"तो छत्री विसरतो तो?" वडिलांनी विचारलं.

आणि मग ते हसणं आलं. दाराच्या फळीतून, भिंतीतून, जिन्याच्या कठड्यातून. आलेखावर मध्येच येणारा सुळका तो हाच, हे सेन्सरवाल्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. हातात बूट धरून, शेजारच्या मुख्याध्यापकांच्या दारालगत, ते आपल्याच दाराबाहेर उभे राहिले. नक्कल त्यांची चालली होती. वाईट वाटायला हवं होतं आणि थोडं वाटतही होतं. पण हे हसणं संपू नये असंही वाटत होतं, आणि आपण किल्ली फिरवली की ते संपणार हे त्यांना आकडेवारीसह माहीत होतं.

आत लेक अडखळली. "यावरून... यावरून काय गं आई? यावरून काय सिद्ध होतं?"

बायकोला हसण्यातून शब्द फुटेना. वडिलांना आठवेना.

"सेन्सर बरोबर आहे, हे सिद्ध होतं," सेन्सरवाले दाराबाहेरून म्हणाले.

आत शांतता पसरली. पडद्यावर ज्या खड्ड्यापाशी त्यांनी इतक्या वेळा बाण थांबवला होता, तो त्यांनी आज पहिल्यांदा स्वतःच्या कानांनी ऐकला. फार खोल होता. मग त्या आठवड्यात जे सगळ्यात जास्त वेळा बोलले होते तेच बोलले.

"नमस्कार," ते म्हणाले. मग सवयीने दोन श्वास थांबले. "हे आधी म्हणायचं असतं. तिने ते गाळलं."

मग वडिलांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज आला, उशी न सापडल्यासारखा. मग लेक. मग ते दुसरं हसणं, दार उघडायला येता येताच सुरू झालेलं. बायकोने दार उघडलं तेव्हा ती डोळे पुसत होती आणि नवऱ्याच्या हातातले बूट पाहून तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. पलीकडे मुख्याध्यापकांनी रेडिओ बंद केला.

पुढे काही आठवड्यांनी तांत्रिक शाखेकडून एक टिपण आलं. तपासनिसाने लिहिलं होतं की समितीला दाखवलेल्या ठिकाणी संध्याकाळचा खड्डा अलीकडे उथळ होत चालला आहे, काही दिवशी तर तो मुळीच दिसत नाही आणि मागच्या आठवड्यात एकदा ठिपका लाल झाला होता. व्हिडिओत दिलेल्या कारणाशी हे जुळत नाही. कर्ता पुरुष रजेवर आहे की सेन्सर बिघडला आहे, ते कळवावं.

सेन्सरवाल्यांनी टिपण दोनदा वाचलं. धुळीच्या व्हिडिओची सातवी खेप अर्धवट पडली होती, डोकं दुखत होतं आणि घरी जायची वेळ झाली होती. त्यांनी खाली उत्तर लिहिलं, ‘सेन्सर बरोबर आहे. कर्त्या पुरुषाची दुरुस्ती चालू आहे.’